राजीनामा : भाडेकरार संमतीने संपवण्याचा इतिहास

'राजीनामा' हा शब्द आज आपण नोकरी किंवा मंत्रिपद सोडण्याच्या संदर्भातच ऐकतो. महसूल खात्याच्या जुन्या दप्तरांत मात्र त्याचा अर्थ निराळा होता. राजी म्हणजे संमत, आणि नामा म्हणजे लेख. रयतेने आपल्या नावावरची जमीन सोडत असल्याचे मामलेदाराकडे लिहून दिले की तो राजीनामा. आणि नव्या माणसाने तीच जमीन सारा भरण्याच्या अटीवर पत्करल्याचे लिहून दिले की ती कबुलायत. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाच्या ७४ व्या कलमात जमीन अशी लेखी सूचना देऊन सोडण्याची रीतसर तरतूद होती. सारा झेपत नसेल तर जमीन सोडण्याचा मार्ग रयतेस मोकळा असणे हा रयतवारी पद्धतीचा एक आधारच होता.

एखादा करार मुदतीपूर्वी, दोघांच्या संमतीने संपवायचा म्हणजे तत्त्वतः किती साधी गोष्ट! एकाला सोडायचे आहे, दुसऱ्याला परत घ्यायचे आहे. कागद करावा, किल्ली द्यावी, हिशेब मिटवावा. परंतु गेल्या शंभर वर्षांत आपल्या देशात या साध्या गोष्टीइतका घोळ क्वचितच दुसऱ्या कशाचा झाला असेल. 'भाडेकरू अवघड आहे' अशी तक्रार प्रत्येक पिढीतील घरमालकाने केली आणि 'मालक टिकू देत नाही' अशी तक्रार प्रत्येक पिढीतील कुळाने केली. या दोन तक्रारींच्या मध्ये संमतीचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१८८२ चा साधा नियम

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ साली झाला. भाडेपट्टा कोणकोणत्या प्रकारांनी संपतो याची यादी त्याच्या १११ व्या कलमात दिलेली आहे. मुदत संपणे, नोटीस देणे, अटींचा भंग होणे यांबरोबरच त्यात दोन प्रकार संमतीचे आहेत. एक, भाडेकरूने आपला हक्क स्पष्ट शब्दांत मालकाकडे सोडून देणे आणि मालकाने तो परत घेणे. दुसरा, असे शब्द न उच्चारताही दोघांच्या वर्तनातून तोच अर्थ निघणे. जुना पट्टा चालू असताना भाडेकरूने त्याच मालमत्तेचा नवा पट्टा स्वीकारला तर जुना आपोआप सुटला, असे उदाहरण कायद्यातच दिलेले आहे.

याच कायद्यातील आणखी दोन कलमे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. पट्टा संपताच भाडेकरूने मालकास प्रत्यक्ष ताबा द्यावा, असे १०८ वे कलम सांगते; म्हणजे नुसता कागद पुरेसा नाही. आणि ११५ वे कलम सांगते की मूळ भाडेकरूने पट्टा सोडून दिला, तरी त्याने पूर्वी रीतसर ठेवलेल्या पोटभाडेकरूचा हक्क तेवढ्याने बुडत नाही. दोघांनी परस्पर हातमिळवणी करून तिसऱ्याला रस्त्यावर आणू नये, ही जाणीव कायद्याला पहिल्यापासून होती.

ही सर्व रचना एका गृहीतावर उभी होती. दोन्ही पक्ष सारखेच मोकळे आहेत, सारखेच जाणते आहेत, आणि 'नाही' म्हणण्याची मुभा दोघांनाही आहे, हे ते गृहीत. गावात ते एका बाजूने ढासळले आणि शहरात दुसऱ्या बाजूने.

गावात : दुबळ्याची संमती

शेतजमिनीचे पट्टे ११७ व्या कलमान्वये सर्वसाधारणपणे या कायद्याच्या बाहेर होते; त्यांचा विचार पुढे कूळकायद्यांनी केला. मुंबई राज्याचा कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ सालचा. त्याच्या १५ व्या कलमाने कुळास आपली कूळवहिवाट केव्हाही मालकाच्या नावे सोडून देण्याची मुभा ठेवली; मात्र दोन अटी घातल्या. हा राजीनामा लेखी असला पाहिजे आणि त्याची मामलेदारासमोर पडताळणी झाली पाहिजे.

ही दुसरी अट का घालावी लागली, हे खेड्यात काम केलेल्या कोणासही सांगावे लागणार नाही. कुळास संरक्षण देणारा कायदा येतो आहे अशी कुणकुण लागली की मालक आधी कुळाकडे जाई. पेरणीसाठी उसनवारी त्याच्याचकडून, लग्नासाठी कर्ज त्याच्याचकडून, आणि अडचणीला धान्यही त्याच्याचकडून घ्यायचे. अशा माणसाने पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठवताना कूळ 'राजी' होते असे म्हणायचे, तर शब्दाचा अर्थच बदलावा लागेल. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेसाठी वि. म. दांडेकर आणि जी. जे. खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. तिचा अहवाल १९५७ साली प्रसिद्ध झाला. कायदा पुस्तकात असतानाच कुळांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर मालकांच्या ताब्यात परत गेल्या आणि त्यांतील कितीतरी कुळांनी 'स्वखुशीने' सोडल्या अशी नोंद झाली, हे त्या पाहणीने समोर आणले.

ही केवळ मुंबई राज्याची कथा नव्हती. १९५६ च्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत या 'स्वेच्छेच्या' राजीनाम्यांची स्वतंत्र दखल घेतलेली आहे. महसुली अधिकाऱ्याकडे नोंद झाल्याखेरीज असा राजीनामा ग्राह्य धरू नये. आणि झाला तरी मालकास जेवढी जमीन स्वतः कसण्यासाठी परत घेण्याचा कायदेशीर हक्क आहे तेवढीच त्याला मिळावी, अशी शिफारस नियोजन मंडळाने केली. यातील दुसरी सूचना फार मर्मग्राही होती. बळजबरीने मिळवलेल्या संमतीतून मालकास काही जादा मिळणारच नसेल, तर बळजबरीचे प्रयोजनच उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली रामचंद्र केशव अडके विरुद्ध गोविंद जोती चावरे या खटल्यात या पडताळणीचा अर्थ निःसंदिग्ध केला. कुळाला आपण काय सोडत आहोत आणि त्याचा परिणाम काय, हे समजले आहे ना आणि तो हे आपखुषीने करतो आहे ना, याची खात्री अधिकाऱ्याने स्वतः करून घ्यावी व तसा शेरा त्या कागदावरच लिहावा, असा नियम होता. हा नियम केवळ उपचार नसून सक्तीचा आहे, आणि तो पाळला गेला नसेल तर राजीनामाच अवैध, असे न्यायालयाने ठरवले. राजीनामा १९५३ सालचा होता. निकाल लागेपर्यंत दोन दशके उलटून गेली होती.

नव्या अधिकाऱ्यांना मी हा निकाल आवर्जून वाचायला सांगत असे. 'समक्ष विचारले, समजावून सांगितले, खुशीने देत असल्याची खात्री पटली' हे शब्द शिक्क्यासारखे उमटवायचे नसतात. त्या दोन ओळींवर एखाद्या कुटुंबाची चार एकर जमीन अवलंबून असते.

शहरात : विकत घेतलेली संमती

शहरातील कथा नेमकी उलट दिशेने गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागांची टंचाई झाली आणि १९१८ साली युद्धकालीन भाडेनिर्बंधाचा कायदा आला. १९२० साली कलकत्त्यातही तसाच कायदा झाला. हे कायदे तात्पुरते होते. दुसऱ्या महायुद्धाने निर्बंध पुन्हा आणले आणि स्वातंत्र्यानंतर, फाळणीच्या निर्वासितांचे लोंढे शहरांत येत असताना, ते काढून घेणे कोणत्याच सरकारला शक्य नव्हते. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा या परिस्थितीतून जन्मला. त्याने प्रमाण भाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते त्यास बांधून टाकले आणि कायद्यात दिलेल्या कारणांवाचून भाडेकरूस काढण्यास बंदी केली.

तो निर्णय त्या काळी चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. निर्वासिताला आणि गिरणीकामगाराला डोक्यावर छप्पर हवे होते. परंतु भाडे गोठलेले आणि किमती वाढत्या, असे वर्षानुवर्षे चालले की घराच्या ताब्यालाच स्वतंत्र किंमत येते. ज्याच्या हाती ताबा आहे तो ती किंमत मिळाल्याखेरीज का सोडील? 'अवघड भाडेकरू' नावाची जी व्यक्ती आपण रंगवतो, ती बहुतेक वेळा स्वभावाने अवघड नसते. त्याच भाड्यात त्याला शहरात दुसरी खोली मिळणार नसते, आणि हे त्याला मालकापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते.

मग साहजिकच दोघे बोलणी करीत. मालक काही रक्कम देऊ करी, भाडेकरू जागा सोडी. किंवा नवा भाडेकरू पागडी देई, तिच्यातून जुना भाडेकरू आपली रक्कम घेई, मालक आपला वाटा घेई आणि भाडेपावती नव्या नावावर होई. परंतु १९४७ च्या कायद्याने हाच व्यवहार गुन्हा ठरवला होता. १८ वे कलम मालकाने पागडी घेण्याविरुद्ध होते. १९ वे कलम भाडेकरूने जागा सोडण्याच्या मोबदल्यात काहीही मागण्याविरुद्ध वा घेण्याविरुद्ध होते. दोन सज्ञान माणसे आपखुषीने करार संपवीत आहेत आणि जाणाऱ्याला नव्या बिऱ्हाडासाठी चार पैसे मिळत आहेत, ही गोष्ट कारावासास पात्र होती.

त्याचा परिणाम काय झाला, हे मुंबईच्या चाळींत वाढलेल्या वाचकांना माहीतच आहे. व्यवहार थांबला नाही; तो केवळ दाराआड गेला. पैसे रोख, साक्षीदार तोंडी, कागदावर काही नाही. कलकत्त्यात त्यालाच सलामी म्हणत. वाद झाला तर कोणीच न्यायालयात खरे सांगू शकत नसे, कारण खरे सांगणे म्हणजे स्वतःचा गुन्हा कबूल करणे. यात सर्वांत अधिक नुकसान प्रामाणिक माणसाचे झाले. ज्याला कायदा मोडायचा नव्हता, तो मालक असो वा भाडेकरू, जागच्या जागी अडकून पडला.

त्यातच रिकाम्या जागेवर सरकारचा डोळा होता. १९४८ च्या मुंबई जमीन अधिग्रहण कायद्याखाली जागा रिकामी झाली की ती कळवणे मालकावर बंधनकारक होते आणि सरकार ती आपल्याकडे घेऊ शकत असे. अशा अधिग्रहणांचे आदेश पुढे दशकानुदशके चालत राहिले. ते अनिश्चित काळ चालू ठेवता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाला १९८४ साली आणि पुन्हा १९९४ साली सांगावे लागले. उत्तर प्रदेशात १९७२ च्या कायद्याने तर रिकाम्या घराचे वाटप जिल्हादंडाधिकाऱ्याकडे सोपवले होते. भाडेकरू आनंदाने निघून गेला तरी मालकास ते घर आपल्या मर्जीने दुसऱ्यास देता येत नसे; रिकामे झाल्याची वर्दी द्यायची आणि वाटप होण्याची, किंवा स्वतःची गरज सिद्ध करून घर मोकळे करून मिळण्याची वाट पाहायची. अशा स्थितीत 'माझा भाडेकरू सोडून गेला' असे उघडपणे सांगण्याचे धैर्य किती मालकांना झाले असेल?

न्यायालयात : तडजोडीतील कबुली

ज्यांना दाराआडचा मार्ग नको होता, त्यांनी न्यायालयाचा मार्ग धरला. दावा लावायचा, मग तडजोड करायची. भाडेकरूस सहा महिने किंवा दोन वर्षे मुदत, मालकास ताब्याची हमी, आणि वर न्यायालयाचा हुकूमनामा. वरवर पाहता यापेक्षा सभ्य तोडगा कोणता? परंतु मुदत संपल्यावर मालक दरखास्त घेऊन गेला की भाडेकरू म्हणे, हा हुकूमनामाच शून्य आहे. कारण भाडेकरूस काढण्याचे कायद्यातील कारण अस्तित्वात होते की नाही, हे न्यायालयाने तपासलेच नाही.

दिल्लीच्या १९५२ च्या कायद्याखालील फिरोजीलाल जैन विरुद्ध मनमल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली हा युक्तिवाद मान्य केला. भाडेनियंत्रणाचे संरक्षण हे लोकहितासाठी आहे. दोघांच्या संमतीने ते बाजूला सारता येत नाही, ही त्यामागची भूमिका. तत्त्व म्हणून ती समजण्यासारखी आहे. उद्या प्रत्येक मालक भाडेकरूकडून पहिल्याच दिवशी 'मी राजी आहे' असे लिहून घेईल, ही भीती निराधार नव्हती. परंतु मुदत उपभोगून झाल्यावर शब्द फिरवणाऱ्यासही त्याच तत्त्वाने आश्रय मिळाला.

म्हणून पुढच्या काही वर्षांत न्यायालयाने मधला मार्ग काढला. के. के. चारी विरुद्ध आर. एम. शेषाद्री (१९७३) आणि नागिनदास रामदास विरुद्ध दलपतराम इच्छाराम (१९७४) या निकालांनी असे ठरवले की कायद्यातील एखादे कारण अस्तित्वात होते असे दाखवणारे काही साहित्य न्यायालयापुढे असेल, तर तडजोडीचा हुकूमनामा वैध आहे. आणि भाडेकरूची त्या कारणाबद्दलची कबुली, स्पष्ट वा गर्भित, हेही असे साहित्यच होय.

यानंतर तडजोडीच्या अर्जात एक परिच्छेद ठरून गेला : 'वादीस जागेची स्वतःसाठी प्रामाणिक गरज आहे हे प्रतिवादीस मान्य आहे.' कित्येकदा ते खरे असे. कित्येकदा नसे. परंतु करार संमतीने संपवायचा तर ही ओळ लिहिणे भाग होते. संमतीला स्वतःच्या पायावर उभे राहण्याची मुभा नव्हती. तिला कोणत्यातरी कारणाचा टेकू लागे.

दिल्लीच्या १९५८ च्या कायद्यातील २१ वे कलम हा याच कोंडीवरचा दुसरा उपाय होता. मालकास ठराविक काळ घराची गरज नसेल, तर दोघांनी लेखी ठरवून आणि भाडेनियंत्रकाची आधी परवानगी घेऊन मर्यादित मुदतीसाठी घर भाड्याने देता येई. मुदत संपली की नियंत्रक ताबा मिळवून देई. बदलीवर जाणाऱ्या नोकरदारांना हे कलम सोयीचे होते. पण परवानगीचेही पुढे शिक्के झाले. एस. बी. नोरोन्हा विरुद्ध प्रेमकुमारी खन्ना (१९८०) या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी बजावले की ही परवानगी यांत्रिकपणे द्यावयाची नाही. खोट्या कथनावर मिळवलेली परवानगी टिकणार नाही. मामलेदाराच्या शेऱ्याविषयी पाच वर्षांपूर्वी जे सांगितले गेले, त्याच जातीची ही ताकीद होती.

एक प्रकरण

येथे स्वतःचा एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. मध्य प्रदेशच्या १९६१ च्या कायद्यात १९८३ साली एक प्रकरण घालण्यात आले. विधवा, निवृत्त शासकीय कर्मचारी, अपंग अशा काही वर्गांतील घरमालकांना स्वतःच्या गरजेसाठी घर परत हवे असेल तर त्यांनी दिवाणी न्यायालयाऐवजी भाडेनियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जावे, अशी ती सोय. हा प्राधिकारी उपजिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा असतो. माळव्यातील एका गावी ते काम काही काळ माझ्याकडे होते.

एक वृद्ध मराठी बाई अर्जदार होत्या. भाडेकरूचे कुटुंब त्यांच्या वाड्याच्या दोन खोल्यांत तीस वर्षांहून अधिक काळ राहत होते. भाडे इतके थोडे होते की ते मागायला जिना उतरणेही परवडू नये. बाईंच्या वकिलांनी भाडेकरूचे वर्णन 'अत्यंत आडमुठा' असे केले होते. दुसऱ्या तारखेला मी दोघांनाही वकिलांशिवाय समोर बसवले. तो गृहस्थ बाईंना 'वहिनी' म्हणत होता. त्याचे म्हणणे एवढेच निघाले की मुलीची परीक्षा मार्चमध्ये आहे, आणि नव्या घराची अनामत भरायला हाती पैसा नाही. बाई म्हणाल्या, "थकलेले भाडे मी सोडते, वर सामानाच्या गाडीचे भाडेही देते, पण साहेब, तारीख नक्की ठरवून द्या. तीन वर्षे मी 'पुढच्या महिन्यात' ऐकते आहे."

वीस मिनिटांत सगळे ठरले. एप्रिलचा शेवटचा दिवस, थकबाकी माफ, ठरलेली रक्कम किल्ली हातात पडताना. अडचण उरली ती माझ्या आदेशाची. कायद्याप्रमाणे मला लिहिणे भाग होते की अर्जदारास जागेची स्वतःसाठी गरज असल्याचे सिद्ध झाले आहे. बाई तेथे एकट्या राहत होत्या. दोन खोल्यांची त्यांना काय गरज, हे मी खोलात जाऊन विचारले नाही. त्यांनी सांगितले ते लिहिले, भाडेकरूने मान्य केले तेही लिहिले. त्याने ठरल्या दिवशी जागा सोडली. दोन वर्षांनी त्या रस्त्याने जाणे झाले, तेव्हा वाड्याच्या जागी पाया खणलेला होता. बाई पुण्यास मुलाकडे गेल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले.

माझ्या आदेशातील एक वाक्य बहुधा खरे नव्हते. बाकी सर्व खरे होते. तारीख खरी होती, रक्कम खरी होती, दोघांची संमती खरी होती. आणि कायद्याला त्यांतले काहीच पुरेसे नव्हते; त्याला ते एक वाक्य हवे होते. ते वाक्य लिहिल्याबद्दल मला आजही पूर्ण समाधान वाटत नाही. अधिक चौकशी करून अर्ज फेटाळला असता तर कायद्याशी प्रामाणिक राहिलो असतो. परंतु मग ती दोन कुटुंबे आणखी दहा वर्षे तारखांना येत राहिली असती. प्रशासनात असे प्रसंग येतात, आणि त्यांचे उत्तर पुस्तकात सापडत नाही.

दार उघडते

बदल आला तो आधी आयकराच्या बाजूने, हे थोडे गमतीचे आहे. कुळाने भाडेहक्क सोडल्याबद्दल मिळालेल्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर लागावा, यासाठी १९९४ च्या वित्त अधिनियमाने भाडेहक्काची मूळ किंमत शून्य धरण्याची तरतूद केली. म्हणजे जी रक्कम घेणे मुंबईच्या कायद्याने गुन्हा होता, तिची दखल केंद्राचा करकायदा घेऊ लागला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे डी. पी. संधू ब्रदर्स, चेंबूर यांचे प्रकरण आले. १९५९ साली पन्नास वर्षांसाठी घेतलेला भाडेपट्टा मुदतीच्या पुष्कळ आधी सोडून देण्यात आला होता आणि त्यापोटी पस्तीस लाख रुपये मिळाले होते. ही रक्कम भांडवली स्वरूपाची असून १९९४ च्या दुरुस्तीपूर्वीच्या त्या व्यवहारावर कर लागत नाही, असा निकाल झाला. मुदतपूर्व राजीनाम्यालाही मोल असते आणि ते उघडपणे मोजता येते, हे त्यातून ठळक झाले.

दरम्यान १९९७ च्या डिसेंबरात मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९४० च्या भाड्याला चिकटून राहणे आता अवाजवी झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात दरवर्षी चार टक्के भाडेवाढीची मुभा आली, करार लेखी व नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावर आली. आणि ५६ व्या कलमाने, भाडेकरूने जागा सोडण्याच्या मोबदल्यात रक्कम घेणे आणि मालकाने पागडी घेणे, हे दोन्ही कायदेशीर ठरले. त्रेपन्न वर्षे जे दाराआड चालले होते ते एका कलमाने उजेडात आले.

दिल्लीला हे भाग्य लाभले नाही. तेथील १९९५ च्या नव्या भाडेकायद्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली, पण तो कधी अमलातच आला नाही. तमिळनाडूने २०१७ साली आणि उत्तर प्रदेशाने २०२१ साली नवे कायदे केले. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यास मान्यता दिली. लेखी करार, राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांची अनामत, मुदतीनंतर अडून बसणाऱ्यास पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे, ही त्याची ठळक अंगे. मसुद्यातील एक बारीक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते : मालकाने ताबा परत घेताना त्याच दिवशी, योग्य ती वजावट करून, अनामत परत द्यावी. किल्ली आणि पैसा यांची एकाच वेळी अदलाबदल व्हावी, हे शहाणपण त्या वहिनींना कायद्याच्या पुष्कळ आधी सुचले होते.

संमतीचे साक्षीदार

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. गावात संमती दुबळ्याकडून उपटली जात होती, म्हणून राज्याने मामलेदाराला तिचा साक्षीदार नेमले. ते योग्य होते, आणि जेथे मामलेदाराने साक्ष नीट दिली तेथे कूळ वाचले. शहरात संमतीला किंमत मोजावी लागत होती, म्हणून राज्याने त्या किमतीवरच बंदी घातली, ते चुकले. तेथेही साक्षीदाराचीच गरज होती. कोणी किती दिले, कधी दिले, जाणारा समजून-उमजून जातो आहे ना, पोटभाडेकरूचे काय होणार, हे कोणीतरी तिऱ्हाइताने विचारून कागदावर नोंदवावे, एवढेच.

घरापासून दूर, बंगळुरू-दिल्लीस किंवा परदेशी राहणाऱ्या अनेक वाचकांचे पुण्या-नागपूरकडे एखादे घर भाड्याने दिलेले असते आणि स्वतः ते दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहत असतात. एकाच वेळी मालक आणि भाडेकरू असलेल्या या वर्गाला दोन्ही बाजू समजायला हरकत नाही. मुदतीआधी करार संपवण्याची वेळ आली तर धाकदपटशाने किंवा नातलगाकरवी निरोप धाडून काम होत नाही. समोरच्याला नेमके काय अडते आहे ते आधी विचारावे. पुष्कळदा ते पैसे नसून वेळ असते. मग तारीख, रक्कम, अनामतीचा हिशेब, थकलेली बिले आणि ताबा दिल्या-घेतल्याची पावती हे सारे लेखी करावे. मूळ करार नोंदणीकृत असेल तर तो संपवण्याचा लेखही नोंदवून घ्यावा. मुखत्यारपत्रावर दुसरा कोणी सही करणार असेल, तर त्या पत्रात करार संपवण्याचा अधिकार स्पष्ट दिलेला आहे ना, हेही पाहावे.

जुन्या दप्तरातील राजीनाम्याचा कागद अर्ध्या पानाचा असे. सोडणाऱ्याचे नाव, जमिनीचा सर्व्हे नंबर, तारीख, अंगठा, आणि खाली अधिकाऱ्याचा शेरा. त्या शेऱ्यात 'समक्ष विचारले' हे शब्द खरे असले, तर त्या अर्ध्या पानात सर्व काही आले.